विजेचा झटका रुग्णाच्या दारी नेणारे डॉ. पँट्रिज

हृदयविकाराने दगावणाऱ्यांपैकी अनेकजण रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वीच प्राण सोडतात, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांना उमगू लागले होते. उपचार मात्र रुग्णालयातच होत. हा प्रघात मोडला उत्तर आयर्लंडच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी.

हिल्सबरो येथे ३ ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या पँट्रिज यांनी १९३९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली आणि त्याच वर्षी महायुद्ध भडकले. लष्करी डॉक्टर म्हणून त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. पण १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ते जपान्यांचे युद्धकैदी झाले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावरील छावणीत त्यांना हृदयाला ग्रासणारा बेरीबेरी जडला. त्यातून ते बचावले आणि पुढे हृदयरोगतज्ज्ञच झाले, हा योगायोग म्हणावा काय?

हृदयाची लय बिघडून त्याचा नुसता थरकाप सुरू झाला, की विजेचा झटका हाच खरा उपाय. झटक्याला जितकी मिनिटे उशीर होईल, तितकी दर मिनिटामागे वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मग यंत्रच रुग्णाकडे का नेऊ नये? बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात पँट्रिज यांनी १९६५ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र सिद्ध केले. वजन तब्बल ७० किलो! जानेवारी १९६६ पासून ते रुग्णवाहिकेतून फिरू लागले. डॉ. जॉन गेडिस यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनुभव मांडला. लवकरच यंत्राचे वजन सुमारे ३ किलोंवर आले.

कौतुक झाले ते अमेरिकेत. सिॲटलने १९७० मध्ये हीच वाट धरली. माजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना १९७२ मध्ये व्हर्जिनियात हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा अशाच फिरत्या पथकाने उपचार केले. ब्रिटनच्या सर्व आघाडीच्या रुग्णवाहिकांत हे यंत्र बसायला मात्र १९९० साल उजाडले. फटकळ स्वभावाच्या पँट्रिज यांना हा विलंब सलत राहिला. २६ डिसेंबर २००४ रोजी ते निवर्तले.

उत्तर अमेरिकेतील दहा विभागांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडून पथकाने उपचार केलेल्यांपैकी अलाबामात ३ टक्के वाचले, सिॲटलमध्ये १६.३ टक्के. सिॲटलमध्ये सामान्य नागरिकांना छातीवर दाब देण्याचे शिक्षण १९७२ पासूनच दिले जात होते.