'मरुत्सखा'चे शिल्पकार शिवकर बापूजी तळपदे

राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने स्वतः बांधलेले विमान आकाशात सोडले, ही कथा महाराष्ट्रात आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. त्या कथेचे नायक म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. कथेचा प्रकाश इतका झगझगीत आहे, की तिच्या आड खुद्द तळपदेच झाकोळून गेले आहेत.

तळपदे यांचा जन्म १८६४ साली मुंबईतील चिराबाजार परिसरात, पाठारे प्रभू समाजातील कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. तेथील शिक्षक चिरंजीलाल वर्मा यांनी त्यांना स्वामी दयानंद सरस्वतींच्या वेदभाष्याची ओळख करून दिली. आर्य समाजाची स्थापना १८७५ साली मुंबईतच झाली होती आणि वेदांत सर्व विद्यांचे मूळ आहे, हा विचार त्या काळच्या अनेक सुशिक्षित तरुणांना भारून टाकत होता. हाती कारागिरी आणि मनात वेदविद्येची ओढ, या दोहोंच्या संगमातून तळपदे विमानरचनेकडे वळले. आपल्या यंत्राला त्यांनी नाव दिले 'मरुत्सखा', म्हणजे वाऱ्याचा मित्र.

हे विमान दीड हजार फूट उंच गेले आणि खाली कोसळले, न्यायमूर्ती रानडे व महाराजा सयाजीराव गायकवाड त्या प्रसंगाला उपस्थित होते, असे पुढील काळातील लेखांत येते. उड्डाण किती वेळ टिकले आणि विमान किती उंच गेले, याबाबत मात्र हे लेख एकमेकांशी जुळत नाहीत. पडताळून पाहता येईल असा त्या दिवसाचा वृत्तान्त, छायाचित्र किंवा मोजमापाची नोंद हाती आलेली नाही.

त्याच सुमारास जगात अन्यत्र काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या उणिवेचे मोल कळते. इंग्लंडमध्ये हिराम मॅक्झिम यांचे वाफेवर चालणारे अवाढव्य यंत्र १८९४ साली रुळांवरून क्षणभर उचलले गेले आणि मोडले. जर्मनीत ओटो लिलिएंथाल इंजिनाविना तरंगत होते. १८९६ साली त्यातच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकेत सॅम्युअल लँग्ले यांचे मानवरहित विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. या साऱ्यांच्या यशापयशाच्या नोंदी राहिल्या. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंद आणि १२० फूट होते. पण तेथे पाच साक्षीदार होते आणि त्याचे छायाचित्रही घेतले गेले.

खरी अडचण होती इंजिनाची. वाफेचे इंजिन जड आणि पेट्रोलचे अजून बाल्यावस्थेत. राइट बंधूंना सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन आपल्याच कार्यशाळेत घडवून घ्यावे लागले. फ्रान्समधील सेगँ बंधूंचे 'नोम' हे फिरते इंजिन आल्यावर चित्र पालटले. त्यात मधला दांडा स्थिर राही आणि सात सिलिंडर पंख्यासह गरगरत. त्या वाऱ्यानेच ती थंड होत. पाणी आणि त्याची टाकी यांचे ओझे वाचल्याने ७५ किलोंच्या आसपास वजनात ५० अश्वशक्ती मिळू लागली. १९०९ नंतर युरोपातील अनेक हौशी विमानरचनाकारांना याच इंजिनाने हवेत नेले. १८९५ साली मुंबईत असे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते.

ही पोकळी नंतरच्या लेखकांनी पाऱ्याच्या इंजिनाने भरून काढली. पाऱ्याचे आयन-इंजिन अमेरिकेने १९६४ साली अवकाशात चालवून पाहिले हे खरे. परंतु त्याचा रेटा इतका क्षीण असतो, की जमिनीवरून ते स्वतःचे वजनही उचलू शकत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात, म्हणजे तळपदे यांच्या निधनानंतर सांगितला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष काढला. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती बनविल्या, पण त्या उडाल्या नाहीत, अशी नोंदही त्याच अभ्यासात आहे.

तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येचा विषय गाजला आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्यावर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही झळकला. दोन्ही वेळा चर्चा झाली ती पहिले कोण, याचीच. प्रयोगशाळा नाही, हलके इंजिन नाही, परतंत्र देशात पाठबळाची शाश्वती नाही, अशा स्थितीत चिराबाजारातील एका कारागिराला आकाशात झेपावणारे यंत्र बांधावेसे वाटले, ही गोष्ट त्या वादात हरवून गेली. अपयशी ठरलेल्या लँग्लेंचे यंत्र त्यांच्या देशाने संग्रहालयात जतन केले; 'मरुत्सखा'ची मात्र एक कामटीही उरली नाही.

फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल गेले, तेव्हा तळपदे हयात होते. १९१६ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी युरोपच्या आकाशात फिरत्या इंजिनांची शेकडो विमाने युद्धात झुंजत होती.