अंकवेडे कापरेकर

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच ते मातृसुखाला अंतरले. वडील कारकून; त्यांस ज्योतिषाचा नाद होता, आणि त्यातील आकडेमोड पाहता पाहता मुलाला आकड्यांचा लळा लागला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ मध्ये, रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले. पदवीपुढे मात्र त्यांचे शिक्षण झाले नाही.

संख्या दिसली की तिचे अंक जोडून, उलटून पाहावे, हा त्यांचा छंद. २३ या संख्येत तिचेच अंक २ व ३ मिळविले की २८ होतात. म्हणजे २३ ही २८ ची जननी झाली. परंतु २०, ३१, ५३, ९७ यांस अशी जननीच नाही! कापरेकरांनी त्यांस स्वयंभू संख्या म्हटले. त्यांतील ३१, ५३ व ९७ या मूळ संख्याही आहेत. त्यांस जननी नाही आणि १ व स्वतः यांखेरीज दुसरा भाजकही नाही.

१९४६ मध्ये त्यांस एक नवल आढळले. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला ते १९४८ हे वर्ष घ्या. त्याच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा : ९८४१ – १४८९ = ८३५२. पुन्हा तसेच करा : ८५३२ – २३५८ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येतील. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या, मधे येणारी शून्ये राखल्यास, फार तर सात पायऱ्यांत तेथेच पोहोचते.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. पण कित्येक पंडितांनी असल्या संशोधनाला पोरखेळ ठरविले. मास्तर खचले नाहीत. तुटपुंज्या पगारातून पदरमोड करून ते आपल्या पुस्तिका छापीत राहिले. निवृत्तीनंतर वेतन पुरेना, म्हणून शिकवण्याही कराव्या लागल्या. तरी वही सुटली नाही.

पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, आणि ज्यांना देवळाली कोठे आहे हे ठाऊक नव्हते असे देशोदेशीचे लोक कागद-पेन्सिल घेऊन वजाबाक्या करू लागले. १९८६ मध्ये कापरेकर निवर्तले. ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.