लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. ज्या चरित्राची निवड येथे केली आहे, ते आपल्या शेजारच्या गोमंतकात जन्मलेल्या एका धर्मगुरूचे आहे. त्यांच्यावर आलेले ओझे मोठे होते, ते वाहण्याचा काळ लांबच लांब होता, आणि ते ओझे उतरावे अशी त्यांची प्रार्थना आपणांस त्यांच्या चरित्रात सापडत नाही. ते वाहण्यास बळ मिळावे एवढेच त्यांनी परमेश्वराजवळ मागितले असावे, असे त्यांच्या आचरणावरून दिसते. ज्यांच्या घरी दीर्घ आजार आहे, कर्ज आहे, किंवा परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणे आहे, त्यांनी हे चरित्र विशेष लक्षपूर्वक वाचावे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टी तालुक्यातील बाणावली या गावी, आपल्या आजोळी झाला. पित्याचे नाव ख्रिस्तोव्हांव वाझ व मातेचे मारिया दे मिरांद. वडिलांचे घर सांकवाळ येथे असल्यामुळे त्यांचे बालपण या दोन गावांत गेले. पुढे जुने गोवे येथील येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात व दोमिनिकन धर्मगुरूंच्या विद्यालयात त्यांचे अध्ययन झाले, आणि १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या दिवसापासून गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा त्यांनी परिपाठ ठेविला. १६७७ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस त्यांनी एक लेख लिहून स्वतःस पवित्र मारियामातेचा दास म्हणून अर्पण केले. दासाला स्वतःची इच्छा नसते. धनी सांगेल तेथे जावे, धनी देईल ते उचलावे, हा दासाचा धर्म. तरुणपणी लिहून दिलेला तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

त्या काळी लंकेतील कॅथोलिक बांधवांची स्थिती अत्यंत शोचनीय होती. १६५८ साली पोर्तुगीजांचे अखेरचे ठाणे जाफना हे वलंदेजांच्या हाती गेले. वलंदेज हे काल्विनपंथी. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंस बेटाबाहेर काढले, कॅथोलिक उपासनेस बंदी केली, आणि धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहान्त शासनाची धमकी दिली. सुमारे तीस वर्षे त्या बेटावरील श्रद्धावंत मिस्साविना, पापनिवेदनाविना राहिले. मुले जन्मली, वाढली, त्यांची लग्ने झाली. परंतु वेदीपाशी उभा राहिलेला धर्मगुरू त्यांनी पाहिला नव्हता.

ही वार्ता ऐकून फादर वाझ यांचे अंतःकरण व्याकूळ झाले. त्यांनी लंकेस जाण्याची अनुज्ञा मागितली. परंतु १६८१ साली वरिष्ठांनी त्यांस कानडा प्रांतात धाडले. तेथे मंगळूर, बसरूर, गंगोळी इत्यादी ठिकाणी त्यांनी पडकी देवळे उभारली, विस्कळीत झालेल्या श्रद्धावंतांस एकत्र आणिले, आणि पोर्तुगालच्या अधिकाराखालील व रोमहून नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या भांडणात शांतीचा मार्ग शोधण्यात आपली शक्ती खर्च केली. मनात लंका आणि हाती कानडा, अशी ही तीन वर्षे होती. आपल्या इच्छेचे काम मिळाले नाही म्हणून त्यांनी हाती असलेल्या कामाकडे दुर्लक्ष केले नाही.

१६८४ साली ते गोव्यास परतले. १६८५ च्या सप्टेंबरात जुने गोवे येथील चमत्कारी क्रूसाच्या देवळात काही देशी धर्मगुरू संघटित जीवन जगत होते, त्यांच्यात ते सामील झाले. त्यांनी त्यांस आपले प्रमुख निवडले, आणि संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमाप्रमाणे हा संघ उभा राहिला. प्रमुखपदाचा मान लाभूनही लंकेची हाक त्यांच्या कानी होतीच. १६८६ साली ते पद सोडून, जुआव नावाच्या विश्वासू सेवकास बरोबर घेऊन, मजल दरमजल करीत ते दक्षिणेकडे निघाले.

तुतिकोरिन बंदरावर वलंदेजांची सक्त नजर होती. १६८७ साली ईस्टरच्या सुमारास गोव्याचा हा विद्वान धर्मगुरू भिकाऱ्याच्या वेषात एका गलबतावर चढला. वाटेत वादळ झाले, पाण्याचे हाल झाले, आणि मन्नारमार्गे ते जाफन्यास पोहोचले तेव्हा धनी व सेवक दोघेही हगवणीने मरणोन्मुख झाले होते. ज्यांच्या आत्म्यांसाठी आपण आलो, त्यांपैकी एकाचीही भेट होण्यापूर्वीच परमुलुखात प्राण जातो की काय, असा तो प्रसंग होता. परंतु ईश्वरी कृपेने दोघेही वाचले.

बरे वाटल्यावर फादर वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. भिक्षा हे निमित्त. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा उजळतो, हे ते पाहत. अशा रीतीने एका घराहून दुसऱ्या घरी खूण पोहोचत गेली. पुढे जाफन्याजवळील सिल्लालै या गावी त्यांचे वास्तव्य झाले. रात्री मिस्सा, रात्रीच बाप्तिस्मा, रात्रीच पापनिवेदन, आणि दिवसा लपणे, असा क्रम चालला. शेजारी कानडात व गोव्यात मनमोकळी घंटा वाजत असे. येथे कुजबुजून प्रार्थना करावी लागे.

१६८९ सालच्या नाताळच्या रात्री वलंदेज शिपायांनी छापा घातला. फादर वाझ निसटले. परंतु शेकडो श्रद्धावंत पकडले गेले, त्यांतील काहींस फटके व बेड्या मिळाल्या, आणि एकाने त्या छळात प्राण सोडला. वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. स्वतः सोसलेले दुःख पुष्कळांस सहन होते. परंतु आपल्यामुळे दुसऱ्यांस दुःख झाले, हे ओझे त्याहून जड असते. मेंढपाळ सुटला आणि कळप सापडला. पुढे त्या भागात राहणे म्हणजे त्या गरीब लोकांवर नवे संकट ओढवणे, हे ओळखून १६९० साली ते कँडीच्या राजाच्या अमलाखालील पुत्तलम येथे गेले. ज्यांस मागे सोडले, त्यांचे रक्षण आता आपल्या हाती नाही, ते परमेश्वराच्याच हाती आहे, हे स्वीकारूनच त्यांस ती वाट चालावी लागली. विश्वासाची खरी परीक्षा बहुधा अशाच वाटेवर होते.

१६९२ साली ते कँडी राजधानीस गेले. तेथे एका फ्रेंच काल्विनपंथी दरबाऱ्याने ते पोर्तुगीजांचे हेर आहेत असा आरोप केला, आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांस बंदीत टाकले. बंदिवासात त्यांनी काय केले? सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल झाल्यावर एक झोपडी बांधून तीत वेदी मांडली आणि मिस्सा अर्पण करण्यास आरंभ केला. नगरातील कॅथोलिक हळूहळू तेथे येऊ लागले. पुढे त्याच जागेच्या अनुषंगाने मारियामातेच्या नावाचे देऊळ उभे राहिले. ज्या भिंतींनी त्यांस कोंडले, त्यांच्याच आडोशाला त्यांचा धर्मग्राम वसला.

१६९६ साली कँडीत घोर अवर्षण पडले. राजाच्या विनंतीवरून फादर वाझ यांनी चौकात वेदी व क्रूस मांडून गुडघे टेकले. परंपरा अशी की, मुसळधार पाऊस कोसळला, परंतु ते व त्यांची वेदी कोरडीच राहिली. राजाने त्यांस आपल्या राज्यात धर्मकार्य करण्याची मोकळीक दिली. या प्रसंगाची आठवण लंकेत आजही सांगितली जाते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो पाऊस येण्यापूर्वी नऊ वर्षांचा कोरडा काळ गेला होता. त्या सर्व काळात संबंध बेटावर सेवा करणारे ते एकटेच धर्मगुरू होते. त्यांचे स्वतःचे पापनिवेदन ऐकण्यासही कोणी नव्हते.

पुढे गोव्याहून सहकारी आले. त्यांच्यात फादर जोसेफ मिनेझिस आणि फादर वाझ यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे होते. कोचीनच्या बिशप महाराजांनी फादर वाझ यांस लंकेचे व्हिकर जनरल नेमिले. आता ओझे हलके होईल असे वाटले, तोच १६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ उद्भवली. राजा व श्रीमंत लोक नगर सोडून गेले. घरच्यांनी रोग्यांस रानात टाकून दिले. फादर वाझ व फादर कार्व्हालो यांनी त्या टाकलेल्यांसाठी झोपड्या घातल्या, त्यांचे व्रण धुतले, त्यांस अन्न भरविले, आणि मेलेल्यांस स्वहस्ते मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्यांनी केला नाही. नगरातील बौद्ध प्रजेच्या मनात त्यांच्याविषयी जो आदर उत्पन्न झाला, तो या सेवेने झाला.

त्यानंतरही वलंदेजांच्या मुलखात त्यांचा वेषांतराने गुप्त संचार चालूच होता. त्यांस बिशप करण्याचा विचार निघाला, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. १७०५ साली गोव्याहून फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत ख्रिस्ती ग्रंथरचना करून धर्मगुरू नसेल त्या गावीही श्रद्धा टिकेल अशी तजवीज केली. फादर वाझ यांस हे उमगले होते की, मनुष्य आज आहे उद्या नाही. म्हणून प्रत्येक वस्तीत एक प्रमुख नेमून, प्रार्थना व धर्मशिक्षण यांची जबाबदारी त्यांनी सामान्य श्रद्धावंतांवर सोपविली. देवावर भरवसा ठेवणे आणि उद्याची व्यवस्था करणे, यांत त्यांस विरोध दिसला नाही.

सततच्या पायपिटीने व तापाने देह झिजला. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, कँडी येथे त्यांनी देह ठेविला. १६८६ साली सोडलेले गोवे त्यांच्या दृष्टीस पुन्हा पडले नाही. त्यांची कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणास सांगता येत नाही. परंतु त्यांनी जागविलेली ख्रिस्तसभा जिवंत राहिली, आणि वलंदेजांची सत्ता संपली तरी ती उभीच होती. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले. मृत्यूनंतर तीन शतकांहून अधिक काळ लोटला होता.

धर्मबंधूंनो, आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करिताना आपण उभ्या राहिलेल्या भिंती पाहतो; परंतु त्या भिंतींखाली किती जणांचे अश्रू व उपासतापास आहेत, हे परमेश्वरासच ठाऊक. संत जोसेफ वाझ यांस फळ दिसले ते उशिरा, आणि पुष्कळसे दिसलेही नाही. तरीही ते रोज सकाळी उठून पुढल्या गावाची वाट चालले. आपल्या घरी जे ओझे आहे, ते कदाचित या वर्षी उतरणार नाही. ते आज एका दिवसापुरते उचलावे, शेजाऱ्याच्या ओझ्यासही हात लावावा, आणि उरलेले परमेश्वराच्या चरणी ठेवावे. ओझ्याखाली वाकलेल्या आपल्या सर्व कुटुंबांसाठी मारियामातेच्या या दासाची मध्यस्थी आपण या महोत्सवात विशेष भक्तीने मागू या.