पुराव्याचा शोध : डॉ. जॉन स्नो

डॉ. जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क या शहरात एका मजुराच्या घरी झाला. वयाच्या १४ व्या वर्षी ते एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी लौकिक मिळवला.

त्या काळी पटकीने हजारो माणसे दगावत. दूषित हवेमुळे हा रोग होतो, असा बहुतेक डॉक्टरांचा समज होता. तो दूषित पाण्यातून पसरतो, असे मत स्नो यांनी १८४९ मध्ये मांडले; परंतु पुरेशा पुराव्याअभावी ते मान्य झाले नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या आसपास घडले होते. मात्र एवढ्याने स्नो यांचे म्हणणे सिद्ध होत नव्हते. कारण तेथील माणसे एकाच पंपाचे पाणी पीत होती, तशी एकाच हवेत श्वासही घेत होती. म्हणून हवा आणि पाणी यांपैकी खरे कारण कोणते, हे दाखवणारा पुरावा ते शोधू लागले.

पंपाजवळच्या आश्रयगृहात ५३५ निराधार राहत. त्यांपैकी केवळ ५ दगावले. तेथे स्वतंत्र विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातील ७० हून अधिक कामगार त्या पंपाचे पाणी पीत नसत. त्यांच्यापैकी एकही मरण पावला नाही. याउलट, दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा दगावली. तिला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडे व ती ते मुद्दाम मागवीत असे. हवा तीच पण पाणी वेगळे, तेथे माणसे वाचली. हवा वेगळी पण पाणी तेच, तेथे मृत्यू ओढवला.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ थांबली; पण ती आधीच ओसरू लागली होती आणि पुष्कळ लोक घरे सोडून गेले होते. त्यामुळे ही घटना निर्णायक पुरावा म्हणून पुढे करण्याचे स्नो यांनी टाळले.

१६ जून १८५८ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे मत सर्वमान्य झालेले नव्हते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कोलकाता येथील एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले.

आपल्या मताशी जुळणारी प्रत्येक गोष्ट त्या मताला बळकटी देतेच असे नाही. दुसरे संभाव्य कारण दूर सारणारा पुरावाच युक्तिवाद भक्कम करतो, हे स्नो यांच्या कार्यातून दिसून येते.