टायबेरियस ग्रॅकस : जमिनीसाठी सांडलेले रक्त

रोमचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ज्युलियस सीझर उभा राहतो. परंतु सीझरच्या खुनाच्या सुमारे नव्वद वर्षे आधी त्याच रोममध्ये एका तरुण लोकप्रतिनिधीला सीनेटच्या सभासदांनी व त्यांच्या माणसांनी भर दिवसा ठार मारले. त्याचे नाव टायबेरियस ग्रॅकस. भूमिहीनांना जमीन मिळावी, हा त्याचा आग्रह होता.

टायबेरियसचा जन्म इ. स. पू. १६३ च्या सुमारास एका मातब्बर घराण्यात झाला. वडील दोनदा कॉन्सल झालेले. आई कॉर्नेलिया ही हॅनिबलचा पराभव करणाऱ्या सिपिओ आफ्रिकानसची कन्या. बारा अपत्यांपैकी तीनच जगली : सेम्प्रोनिया, टायबेरियस आणि धाकटा गायस. वैधव्य आल्यावर कॉर्नेलियाने इजिप्तच्या राजाची मागणी नाकारली आणि मुलांच्या शिक्षणाला स्वतःला वाहून घेतले.

इ. स. पू. १३७ मध्ये टायबेरियस क्वेस्टर, म्हणजे खजिनदार, म्हणून स्पेनमधील न्युमान्शियाच्या मोहिमेवर गेला. तेथे रोमन सैन्य कोंडीत सापडले, तेव्हा त्याने शत्रूशी तह घडवून वीस हजार नागरिकांचे प्राण वाचविले. सीनेटने मात्र तो तह फेटाळला आणि सेनापती मॅन्सिनसला शत्रूच्या हवाली केले. हे शल्य टायबेरियसच्या मनात राहिले.

त्या काळी सैन्यात जाण्यासाठी थोडीतरी मालमत्ता असावी लागे. म्हणजे लढणारा शिपाई मुळात शेतकरीच. तो वर्षानुवर्षे परदेशी लढत राही आणि इकडे त्याचे शेत ओस पडे. दुसरीकडे, जिंकलेली सरकारी जमीन धनिकांनी बळकावली होती आणि ती कसायला युद्धात पकडलेले गुलाम होते. ज्याने साम्राज्य मिळवून दिले, त्यालाच पाय टेकायला जागा उरली नव्हती.

इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून म्हणून निवडून येताच टायबेरियसने जमिनीचा कायदा मांडला. सरकारी जमीन कोणीही पाचशे युगेरा, म्हणजे सुमारे तीनशे एकर, यांहून अधिक ठेवू नये. मुलांसाठी काही वाढीव सवलत. उरलेली जमीन गरिबांना वाटावी आणि ती त्यांना विकता येऊ नये, असा हा कायदा होता. खाजगी मालकीच्या जमिनीला त्याने हातही लावला नाही. तरीही मार्कस ऑक्टेव्हियस या सहकारी ट्रिब्यूनने आपला नकाराधिकार वापरला. तेव्हा टायबेरियसने लोकसभेच्या मतांनी त्यालाच पदच्युत केले. कायदा मंजूर झाला. पण लोकांच्या रक्षणासाठी असलेल्या पदाचे पावित्र्य लोकांच्याच कैवाऱ्याने भंगविले, असे म्हणायला विरोधकांना जागा मिळाली.

पर्गमचा राजा अ‍ॅटॅलस याने मरताना आपले राज्य रोमला दिले होते. त्याचा खजिना नव्या शेतकऱ्यांना भांडवल म्हणून द्यावा, असे टायबेरियसने सुचविले. मग रूढी मोडून तो लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणुकीस उभा राहिला. त्याला राजा व्हायचे आहे, अशी हाकाटी उठली. मतदानाच्या दिवशी स्किपिओ नॅसिका या मुख्य पुरोहिताच्या नेतृत्वाखाली सीनेटर चालून गेले. सोटे आणि बाकांचे मोडके पाय हीच त्यांची शस्त्रे. टायबेरियससह सुमारे तीनशे माणसे मारली गेली आणि त्यांची प्रेते टायबर नदीत फेकण्यात आली.

कायदा मात्र रद्द झाला नाही. भूमिवाटप मंडळाने रोवलेले हद्दीचे दगड इटलीत सापडले आहेत. लहान शेतकरी त्या काळी सर्वत्र नाहीसा झाला नव्हता, असेही अलीकडच्या उत्खननांवरून दिसते. तेव्हा टायबेरियसचे निदान काहीसे अतिरंजित असू शकेल. धाकट्या गायसने भावाचे कार्य पुढे नेले आणि इ. स. पू. १२१ मध्ये त्याचाही तसाच अंत झाला. पुढे मेरियसने निर्धनांना सैन्यात घेतले. जमिनीसाठी ते सीनेटकडे न पाहता आपल्या सेनापतीकडे पाहू लागले. सुला, सीझर आणि अखेर ऑगस्टस हा क्रम येथूनच सुरू होतो.

टायबेरियसने साध्यासाठी नियम वाकविला. त्याच्या विरोधकांनी नियम राखण्याच्या नावाखाली रक्त सांडले. दोघांत अधिक दोषी कोण, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की, मूठभर धनिकांनी तीनशे एकरांवरची जमीन सोडण्यास नकार दिला आणि शतकभरात त्यांच्या वंशजांना सारे प्रजासत्ताकच गमवावे लागले.