पाउला मोडरझोन-बेकर : बर्चच्या वनातील मुले

पाउला बेकर हिचा जन्म १८७६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झाला. वडील रेल्वेत इंजिनिअर. सात भावंडांत ती तिसरी. मुलीने पोटापुरते कमवावे म्हणून वडिलांनी तिला शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करायला लावला. तो १८९५ मध्ये संपला आणि मग ती बर्लिनला चित्रकला शिकली. सरकारी कला-अकादमीत त्या काळी तेथे मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून स्त्री-कलावंतांच्या संघाने चालविलेल्या शाळेत.

१८९८ मध्ये ती ब्रेमेनजवळच्या वोर्प्सवेड या खेड्यात राहायला आली. सारा मुलूख दलदलीचा. तिथली काळी माती कापायची, गोवऱ्यांसारखी वाळवायची आणि जळण म्हणून होडीतून शहरात विकायची, हा लोकांचा धंदा. कालव्यांच्या काठी पांढऱ्या सालीची बर्चची झाडे. काही चित्रकार आधीच तिथे वसले होते. त्यांना आभाळ आणि पाणी रंगवायला आवडे. पाउलाने गरिबांच्या घरची मुले रंगविली.

मुलांचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोबरे गाल आणि हसू येते. कॅलेंडरांनीच आपल्याला तशी सवय लावली आहे! पाउलाची मुले हसत नाहीत. हात जड, नजर गंभीर. १९०५ च्या एका चित्रात बर्चच्या वनात एक मुलगी पावा वाजवीत चालली आहे. भोवती झाडांचे सरळ बुंधे, आणि त्यांच्यात तीही एका रोपट्यासारखी. ती रानात खेळायला आलेली वाटत नाही. तिथेच उगवलेली वाटते. बारकावे गाळून मोठे, साधे आकार ठेवायचे, रंग जाड लावायचा, कधी ओल्या रंगावर कुंचल्याच्या दांड्याने ओरखडे काढायचे, अशी तिची रीत. 'अभिव्यक्तिवाद' हे नाव पुढे रूढ झाले; ती त्याआधीच गेली होती.

लोकांना हे रुचले नाही. १८९९ मध्ये ब्रेमेनच्या प्रदर्शनावर एका समीक्षकाने इतकी झोड उठविली की चित्रे उतरवून घ्यावी लागली. १९०१ मध्ये तिने चित्रकार ओटो मोडरझोन यांच्याशी विवाह केला. त्यांच्या आधीच्या पत्नीची लहान मुलगी एल्सबेट हिचे ती प्रेमाने करी आणि तिचीही चित्रे काढी. पण मन पॅरिसकडे ओढ घेई. तिथे तिने सेझान आणि गोगँ पाहिले. १९०६ मध्ये तर ती घर सोडूनच तिकडे गेली. त्याच वर्षी तिने गर्भवती असल्यासारखे स्वतःचे चित्र काढले. प्रत्यक्षात तेव्हा ती गर्भवती नव्हती.

पुढे पतिपत्नींचा समेट झाला. २ नोव्हेंबर १९०७ रोजी मुलगी मथिल्डे जन्मली. बाळंतिणीला अंथरुणावरच ठेवले होते. तीन आठवडेही झाले नाहीत तोच ती उठली, आणि रक्ताची गुठळी अडकून गेली. वय ३१. मागे सातशेहून अधिक रंगचित्रे राहिली, आणि हयातीत विकली गेली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या खतावणीत हा धंदा बुडीतच लिहिला जाईल.

पण १९२७ मध्ये ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियुस या कॉफीच्या व्यापाऱ्यानेच तिच्या चित्रांसाठी संग्रहालय उभारले. एका चित्रकर्तीसाठी बांधलेले जगातील ते पहिले संग्रहालय. १९३७ मध्ये नाझींनी तिची कला 'अधःपतित' ठरवून इतर संग्रहालयांतली तिची अनेक चित्रे काढून नेली. उरलेले जपण्यासाठी १९७८ मध्ये एक न्यास स्थापन झाला. तो स्थापन केला मथिल्डेने.