फुकट आयकॉन वापरताय? मग राजा रविवर्मांना भेटा!

वेबसाइट बनवताना तुम्ही शोधाचं भिंग, घंटा, शॉपिंग कार्ट असे आयकॉन फुकटात डाउनलोड करता ना? एकाने काढायचं आणि हजारोंनी लावायचं, ही गंमत आपल्या घाटकोपरने १९व्या शतकातच पाहिलीय. राजा रविवर्मांमुळे!

२९ एप्रिल १८४८ला त्रावणकोरमधल्या किलिमानूरला त्यांचा जन्म झाला. पुढे ते राजेरजवाड्यांचे आवडते चित्रकार झाले. पण त्यांची तैलचित्रं लागायची महालात, सामान्य माणसाने ती बघायची कुठे? दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना चित्रं छापून घ्यायचं सुचवलं होतं. १८९४मध्ये मुंबईत रविवर्मांचा प्रेस सुरू झाला. तंत्रज्ञ जर्मनीहून आले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकाच कागदावर एकेक रंग चढवत जायचं, असं ते काम. पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. मळवलीला जाण्याआधी हा प्रेस घाटकोपरात होता!

धंदा मात्र जमला नाही. डोक्यावर कर्ज, त्यात मुंबईत प्लेग. १८९९मध्ये प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि थोड्याच वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. बऱ्याच चित्रांचे छपाईचे हक्कही सोबत गेले. २ ऑक्टोबर १९०६ला रविवर्मा वारले. चित्रं छापली जातच राहिली. कॅलेंडरवर, लेबलांवर त्यांच्या नकला झाल्या. चेहरे राहिले, खाली नाव राहिलंच असं नाही.

आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे रविवर्मांची चित्रं आज कुणीही वापरू शकतं. तुमच्या आयकॉनचं तसं नाही. तिथे हक्क आयकॉन बनवणाऱ्याकडेच असतो, तो फक्त लायसन्समधून परवानगी देतो. ‘फेदर’चे आयकॉन एमआयटी लायसन्सखाली आहेत, म्हणजे लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. ‘फॉन्ट ऑसम’च्या फुकट आयकॉनना श्रेय द्यावं लागतं. त्यांच्या एसव्हीजी फाइलमध्ये श्रेयाची ओळ आधीच लिहिलेली असते. फाइल हलकी करायच्या नादात आपण नेमकी तीच उडवतो.

रविवर्मांची लक्ष्मी नावाशिवायही ओळखू येते. आयकॉन काढणाऱ्याची ओळख मात्र त्या एका ओळीतच असते. तेवढी राहू द्या.